बिघडलं तरच नोंद होते: हौशी रायफलवाल्यांचा इतिहास कुठून लिहायचा?

हौशी माणसाचा इतिहास लिहायला बसलात की पहिली अडचण ही येते की हौशी माणूस नोंदी ठेवत नाही. कारखाना ठेवतो, लष्कर ठेवतं, पोलीस ठेवतात. रविवारी सकाळी गॅरेजमध्ये बसून जुन्या लष्करी रायफलीचा दस्ता कानशीनं घासणारा माणूस कुठेच काही लिहीत नाही. त्याचं काम जमलं तर तो शिकारीला जातो. नाही जमलं तर कुणाला तरी पत्र लिहितो, किंवा दवाखान्यात जातो, आणि तेव्हा कुठे त्याचं नाव कागदावर येतं.

आज त्याच माणसाकडे बघू. तो अमेरिकेतला आहे, आणि काळ साधारण १९०५ ते १९६८. तुम्ही म्हणाल, हा विषय आपला नाही. खरंय. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि .३०३ सारखं लष्करी माप तर परवाना असला तरी सामान्य माणसाला मिळत नाही. म्हणून तर आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं नागरिकांसाठी .३१५ मापाची वेगळी रायफल काढली. त्यामुळे ‘लष्करानं टाकून दिलेली बंदूक घरी आणून तिच्यात फेरफार करणं’ हा छंद इथे मोठ्या प्रमाणावर वाढलाच नाही. पण लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन तिचं इंजिन, टप, सीट सगळं बदलणारे लोक तुम्ही पाहिले असतील. तोच पिंड. फरक एवढाच की जीपचा बोल्ट ढिला राहिला तर ती रस्त्यात बंद पडते, आणि रायफलीचा बोल्ट तुमच्या डोळ्यापासून चार बोटांवर असतो.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. अमेरिकेत नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये स्थापन झाली, ती यादवी युद्धात लढलेल्या अधिकाऱ्यांच्या पुढाकारानं. सैनिकांचा नेम फार वाईट आहे ही त्यांची तक्रार होती. १९०३ मध्ये सरकारनं नेमबाजीच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय मंडळ नेमलं, १९०५ च्या कायद्यानं लष्कराच्या जादा रायफली नेमबाजी क्लबांना विकायची वाट मोकळी झाली, आणि १९१६ मध्ये या सगळ्याचा कारभार बघायला ‘डायरेक्टर ऑफ सिव्हिलियन मार्क्समनशिप’ असं पदच तयार झालं. म्हणजे हौशी रायफलवाला हा बाजारानं घडवलेला नव्हता, तो सरकारी धोरणानं घडवलेला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे सरकार आणि हौशी माणूस एकमेकांवर आरोप करताना दिसतील.

या काळातली मुख्य रायफल म्हणजे १९०३ ची स्प्रिंगफील्ड. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत आणि इलिनॉयमधल्या रॉक आयलंड आर्सेनलमध्ये ती बनायची. लष्करी रूपात ती शिकाऱ्याच्या फारशा कामाची नव्हती: नळीच्या टोकापर्यंत लाकूड, वर शिडीसारखा साइट, संगिनीची खुंटी. मग लोक तिला ‘स्पोर्टराइज’ करायचे. दस्ता कापायचा किंवा अक्रोडाच्या लाकडाचा नवा बसवायचा, नळी आखूड करायची, माशी बदलायची, दुर्बीण बसवायची. दुर्बीण बसली की बोल्टची मूठ तिला अडते, म्हणून मूठ तापवून वाकवायची. चापाचा ओढ हलका करायचा. थिओडोर रूझवेल्टनं राष्ट्राध्यक्ष असताना आर्मरीतूनच अशी एक रायफल करून घेतली होती आणि १९०९ च्या आफ्रिकेच्या मोहिमेत ती नेली. साधारण त्याच सुमारास लॉस एंजेलिसचा कारागीर लुई वुंडहॅमर यानं लेखक स्ट्यूअर्ट एडवर्ड व्हाइटसाठी केलेली रायफल पुढच्या सगळ्या घरगुती प्रयोगांचा नमुना ठरली. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्रिफिन अँड हाउ ही पेढी निघाली आणि श्रीमंतांची सोय झाली. बाकीच्यांना मिझुरीतल्या वॉर्सॉ गावातून अर्धवट कोरलेले दस्ते टपालानं मिळायचे. उरलेलं कोरकाम पटाशीनं घरी.

इथपर्यंतचा इतिहास कौतुकाचा आहे, आणि बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

रायफलीत रिसीव्हर नावाचा भाग असतो. नळी त्याच्यात आट्यांवर बसते, बोल्ट त्याच्यात पुढेमागे सरकतो, आणि गोळी सुटताना मागे येणारा सगळा धक्का तो पेलतो. सुरुवातीच्या स्प्रिंगफील्डचे रिसीव्हर कमी कार्बनच्या पोलादाचे असत. ते तापवून घडवायचे आणि नंतर वरचा थर कडक करायचा. आपला लोहार कोयत्याला पाणी देताना लोखंडाचा रंग बघून ठरवतो ना, तसंच तिथेही चालायचं. अनुभवी कामगार नजरेनं रंग ओळखायचे. पुढे तपमापक आणून तपासलं तेव्हा कळलं की लख्ख उन्हाच्या दिवशी कामगाराला ‘बरोबर’ वाटणारा रंग ढगाळ दिवसाच्या तुलनेत ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापमानाचा निघतो. उजेडात तापलेलं लोखंड फिकं दिसतं, म्हणून ते अजून तापवलं जायचं. काही पोलाद अशा रीतीनं जळालं. जळालेलं पोलाद ठिसूळ होतं, आणि त्यावर कोणतीही नंतरची प्रक्रिया केली तरी ते पूर्ववत होत नाही.

१९१७ मध्ये युद्धामुळे उत्पादन एकदम वाढलं आणि रिसीव्हर फुटायला लागले. चौकशी झाली. स्प्रिंगफील्डमध्ये साधारण ८,००,००० व्या क्रमांकापासून आणि रॉक आयलंडमध्ये सुमारे २,८५,५०० पासून प्रक्रिया बदलली: वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट राहील अशी दुहेरी उष्णता-प्रक्रिया. त्याआधीच्या रायफलींना तेव्हापासून ‘लो नंबर’ म्हणतात. दहा लाखांहून जास्त.

त्यांचं काय करायचं? १९२७ मध्ये एका समितीनं सरसकट बाद करण्याची शिफारस केली. ती जशीच्या तशी मानली गेली नाही. युद्धासाठीचा साठा म्हणून त्या ठेवाव्यात आणि दुरुस्तीला येतील तसा रिसीव्हर बाजूला काढावा, असं ठरलं. बाजूला काढलेले काही रिसीव्हर पुन्हा बाजारात आले. फिलाडेल्फियाच्या सेज्ली या कंपनीनं असे रिसीव्हर पुन्हा तापवून त्यांच्या शिकारी रायफली विकल्या.

आता साधनाकडे या. या फुटलेल्या रायफलींची जी यादी आज सगळे वापरतात ती ज्युलियन हॅचर या ऑर्डनन्स अधिकाऱ्याच्या ‘हॅचर्स नोटबुक’ या १९४७ च्या पुस्तकात आहे. १९१७ ते १९२९ या काळातल्या ६८ घटना. पहिल्या वाचनात कुणीही भागाकार करतो: दहा लाख पंच्याऐंशी हजारांत ६८, म्हणजे साधारण सोळा हजारांत एक. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढा कमी धोका तर कशातही असतो, खुशाल वापरा. दुसरा म्हणतो, त्या सोळा हजारांतली एक तुमच्याच हातात असेल तर? ही भांडणं आजही चालू आहेत.

तुम्ही संशोधक म्हणून या भांडणात पडू नका, भागाकाराकडे बघा. वरचा आकडा काय मोजतो? लष्करानं नोंदवलेल्या घटना. घरी फुटलेली रायफल या यादीत यायची शक्यता कमीच. खालचा आकडा काय मोजतो? बनलेल्या रायफली. झाडलेल्या नव्हे. त्यांतल्या किती कोठारात ग्रीस लावून पडून होत्या, किती रोज वापरात होत्या, हे यादी सांगत नाही. शिवाय ६८ मधल्या काही घटनांत दोष पोलादाचा एकट्याचा नाही: कुठे मऊ पितळेचं काडतूस, कुठे नळीत राहिलेला अडथळा, कुठे चक्क जर्मन माउझरचं काडतूस चेंबरमध्ये घातलेलं. चांगला रिसीव्हर अशा वेळी बहुधा तग धरतो, ठिसूळ रिसीव्हरचे तुकडे होतात. मग कारण कोणतं लिहायचं? आणि यादी १९२९ ला संपते, रायफली संपत नाहीत. घरगुती फेरफाराचा मोठा काळ तर त्यानंतरचा आहे. म्हणून त्या भागाकारातून ‘धोक्याचं प्रमाण’ निघत नाही. अमेरिकी सरकारी कार्यक्रमाची आजची वारस संस्था, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, लो नंबर रायफल झाडू नका असंच सांगते. मला तेच योग्य वाटतं. एखाद्या रिसीव्हरचं पोलाद जळालंय की नाही हे तो न मोडता घरी कळत नाही. हौशी लोक हातोडीचा फटका मारून बघायचे. फुटला तर उत्तर मिळालं, पण न फुटला तर काय कळलं?

पण दोष नेहमी वरून खाली येतो असंही नाही. १९२१ चं उदाहरण बघा, मला ते फार आवडतं.

त्या काळी गोळीवरचं आवरण तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं असे. ते नळीत घासून टोकाजवळ गाठींसारखं चिकटायचं आणि नेम बिघडायचा. काढायला अमोनियाचं द्रावण नळीत भरून ठेवायचं, हे कटकटीचं काम. नेमबाजांनी त्यावर स्वतःच उपाय शोधला: मोबिलुब्रिकंट नावाचं ग्रीस. गोळी त्यात बुडवायची आणि मग झाडायची. गाठी कमी व्हायच्या. हा तोडगा स्पर्धांमधून तोंडोतोंडी पसरला, कुठल्याही कारखान्यानं शिकवलेला नव्हता.

सरकारी दारूगोळा बनवणाऱ्यांनीही त्याच अडचणीवर आपला उपाय काढला. १९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, जी ओहायोत कॅम्प पेरीला भरते, त्यांनी गोळ्यांवर कथलाचा मुलामा दिला. गाठी होणार नाहीत, ग्रीस लावू नका, अशी सूचनाही दिली. पण वर्षानुवर्षांची सवय सूचनेनं जाते का? काहींनी ग्रीस लावलंच. काही रायफलींमध्ये दाब भयंकर वाढला आणि नुकसान झालं. ग्रीसला दोष देऊन प्रकरण मिटण्यासारखं होतं, आणि तसा दोष दिलाही गेला. पुढे तपासात निघालं ते असं: कथील काडतुसाच्या पितळी गळ्याला, न तापवताच, डाख दिल्यासारखं चिकटून बसलं होतं. गोळी सुटायला गळा थोडा फुगावा लागतो. बाहेरून चेंबरमध्ये ग्रीस भरलेलं, त्यामुळे गळ्याला फुगायला जागा नाही. आतून कथील, बाहेरून ग्रीस. दोन्ही उपाय आपापल्या परीनं शहाणपणाचे होते, एकत्र आले आणि घात झाला. लवकरच तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं आवरण आलं, त्याच्या गाठी होत नव्हत्या, आणि दोन्ही उपाय निकालात निघाले.

यात टाउनसेंड व्हेलन या माणसाकडे लक्ष द्या. तो लष्करी अधिकारी, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी दारूगोळ्याच्या फ्रँकफर्ड आर्सेनलचा प्रमुख. आणि तोच शिकार नि रायफलींवर आयुष्यभर लिहिणारा, हौशी लोकांचा सगळ्यात वाचला जाणारा सल्लागार. हॅचरचंही तेच: निवृत्तीनंतर तो ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकाचा तांत्रिक संपादक झाला. त्या मासिकाच्या ‘डोप बॅग’ या सदरात वाचकांच्या तक्रारींना उत्तरं दिली जात. बोल्ट उघडत नाही, रिकामं काडतूस अडकतं, दुर्बीण सरकते, अमुक रायफलीत तमुक काडतूस चालेल का. ही सदरं म्हणजे आपल्या विषयाचं सोनं आहे. पण ती वाचताना हे विसरू नका की उत्तर देणारा तटस्थ नाही. प्रश्नात ज्या रायफलीची तक्रार आहे तिच्या खात्यात त्यानं नोकरी केलेली असू शकते. आणि प्रश्न विचारणारा तर ज्याचं काम बिघडलंय तोच. ज्याचं जमलं तो पत्र का लिहील?

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक जपानी अरिसाका रायफली घरी घेऊन आले. इथे कागद कमी आणि वस्तू बोलक्या. शरणागतीनंतर जमा झालेल्या बहुतेक रायफलींवरचं सम्राटाचं शेवंतीचं फूल घासून काढलेलं असतं. फूल शाबूत असेल तर ती बहुधा त्याआधी हाती लागलेली. दुसरी खूण दस्त्यावर. लष्करी पिशवीत रायफल मावत नाही, म्हणून सैनिक पुढच्या कड्याखाली लाकूड करवतीनं कापायचे, कड्यानं काप झाकला जायचा. संग्राहक याला ‘डफल कट’ म्हणतात आणि रायफलीची किंमत कमी करतात. तुम्ही करू नका. तो काप म्हणजे प्रवासाचा दाखला आहे.

या रायफलींचा धोका वेगळाच होता. सरावासाठी बनवलेल्या काही अरिसाका दिसायला हुबेहूब, पण रिसीव्हर ओतीव, फक्त आवाजाची काडतुसं झाडण्यापुरता. ज्याला जपानी खुणा वाचता येत नाहीत त्यानं त्यात खरं काडतूस घातलं तर? उलट खऱ्या अरिसाकाचा रिसीव्हर कमालीचा मजबूत. पी. ओ. अ‍ॅक्ली या कारागिरानं लष्करी रायफली मुद्दाम फोडून बघितल्या, तेव्हा ६.५ मिलिमीटरची अरिसाका सगळ्यांत शेवटी हार मानणारी निघाली. बाजारात मात्र ‘जपानी माल, कमअस्सल’ हीच समजूत होती. युद्धाचा राग पोलादावर काढलेला.

आणि मग १९५९ मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’नं छापलेली घटना. एका माणसानं ६.५ मिलिमीटरच्या अरिसाकाचं चेंबर कोरून .३०-०६ काडतुसाचं केलं. कोरणीचं पुढचं टोक नळीत जाईना, तर त्यानं ते टोकच घासून बारीक केलं. टोक का जात नाही, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. नळी ६.५ चीच राहिली होती आणि तो तिच्यातून ७.६२ मिलिमीटरची गोळी झाडत होता. त्यानं हरीणही मारलं. त्याची तक्रार एवढीच होती की रायफल धक्का जरा जास्त देते. तपासणाऱ्यांचा विश्वास बसेना.

लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात, किंवा अरिसाकाच्या ताकदीचा पुरावा म्हणून. मी ती साधन म्हणून वाचते. ही घटना आपल्यापर्यंत आली कारण रायफल फुटली नाही आणि माणूस तक्रार करायला जिवंत होता. तोच उद्योग लो नंबर स्प्रिंगफील्डवर करणाऱ्याची गोष्ट मासिकात ‘गंमत’ म्हणून आली नसती.

१९५० च्या दशकात युरोपातल्या जुन्या रायफली जहाजं भरभरून आल्या. सॅम्युअल कमिंग्जची इंटरआर्म्को १९५३ ची. स्वस्त मालामुळे न्यू इंग्लंडमधले बंदूक कारखानदार हैराण झाले. जॉन केनेडी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर असताना १९५८ मध्ये त्यांनीच ही आयात रोखणारं विधेयक मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. १९६३ मध्ये त्यांची हत्या झाली ती टपालानं मागवलेल्या, विक्रेत्यानं दुर्बीण बसवून दिलेल्या इटालियन लष्करी रायफलीनं. जाहिरातीतली किंमत १९.९५ डॉलर. हा योगायोग रंगवून सांगायचा मोह टाळा, कारण १९५८ च्या विधेयकामागे कारखान्यांचं रक्षण होतं, हत्यांची भीती नव्हे. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. वॉरन आयोगाच्या कागदपत्रांत त्या दुर्बिणीची बैठक, ती जुळवायला तपासणाऱ्यांना घालाव्या लागलेल्या पातळ पट्ट्या, सगळं शपथेवर नोंदलेलं आहे. त्या काळातल्या स्वस्त, घाईनं दुर्बीण ठोकलेल्या लष्करी रायफलीचं इतकं बारीक वर्णन दुसरीकडे सापडणं कठीण. त्यासाठी राष्ट्राध्यक्षाचा खून व्हावा लागला.

१९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनं टपालविक्री आणि लष्करी मालाची आयात दोन्ही थांबवली. त्याच वर्षी स्प्रिंगफील्ड आर्मरीही बंद झाली. आज तिथे संग्रहालय आहे. आयात पुढे १९८० च्या दशकात जुन्या संग्राह्य शस्त्रांपुरती पुन्हा सुरू झाली. त्यात आपल्या ईशापूरच्या ७.६२ च्या २ए१ रायफलीही गेल्या. ती जुनी .३०३ बदलून केलेली असावी असा समज तिकडे अजून आढळतो, खरं तर १९६० च्या दशकात ती नव्यानं, नव्या पोलादाची बनवलेली. कुणाला लहान शोधनिबंध करायचा असेल तर हा गैरसमज कसा पसरला हे शोधा, भारतातून करता येण्यासारखं काम आहे.

आता घाई का करायला हवी ते सांगते. हौशी माणसांनी बदललेल्या या रायफली कित्येक वर्षं ‘बिघडवलेल्या’ म्हणून स्वस्तात विकल्या गेल्या. अलीकडे मूळ लष्करी रूपाची किंमत वाढली, त्यामुळे लोक त्यांना पुन्हा मूळ रूपात आणतायत: आजोबांनी कोरलेला दस्ता काढायचा, नव्यानं बनवलेला लष्करी नमुन्याचा दस्ता चढवायचा, दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं भरून वर रंग द्यायचा. कारखान्याची रायफल परत मिळते, पण मधली साठ वर्षं जातात. काढलेला दस्ता कुणी ठेवत नाही, त्यावर ना क्रमांक असतो ना नाव. तुम्हाला अशी एखादी रायफल कुठल्या संग्रहात बघायला मिळाली तर अनुक्रमांकाच्या आधी रिसीव्हरचा माथा भिंगाखाली धरा आणि भरलेली भोकं शोधा. किती आहेत, एका रेषेत आहेत का, एखादं चुकून बाजूला पडलंय का, तेवढं वहीत उतरवा.